साठ घटकांचा दिवस

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, खाडीच्या काठी, उलवे हे ठिकाण आहे. पूर्वी या परिसरात भाताची खाचरे होती, मिठागरे होती आणि खाडीच्या पाण्यावर पोट भरणाऱ्या आगरी-कोळी लोकांची लहान लहान गावे होती. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली. तिने नवी मुंबई वसविली आणि त्या नगराचा एक भाग म्हणून उलव्यातही उंच इमारतींच्या ओळी उभ्या राहिल्या. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी आगगाडी उलव्यातील खारकोपरपर्यंत आली. १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणला पोहोचली. त्याच दिवशी शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. या पुलाची लांबी २१.८ किलोमीटर आहे आणि त्याचा बहुतेक भाग समुद्रावरून जातो. शेजारीच नवा विमानतळ झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली.

मुलांनो, एवढा खटाटोप माणसाने कशासाठी केला? मुख्यतः वेळ वाचविण्यासाठी. जेथे जावयास दोन तास लागत तेथे अर्ध्या तासात जाता यावे, एवढ्यासाठी त्याने डोंगर कापला, नदी वळविली आणि समुद्रावर रस्ता बांधला. यावरून वेळेचे मोल किती मोठे आहे ते तुमच्या ध्यानात येईल. परंतु या धनाचा एक विलक्षण गुण आहे. धान्य कणगीत साठविता येते, पैसा पेढीत ठेवता येतो. वेळ मात्र कोठेही साठवून ठेवता येत नाही. तो ज्या क्षणी हाती येतो त्याच क्षणी त्याचा विनियोग करावा लागतो. पुलाने वाचवून दिलेला अर्धा तास चांगल्या कामी लागेल की वाऱ्यावर जाईल, हे पूल ठरवीत नाही. ते ज्याचे त्याला ठरवावे लागते.

उलव्यातील असो, की महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही गावातील असो, माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न रोजच उभा असतो. तुम्ही आता सहावी-सातवी-आठवीत आहात. लवकरच तुम्ही नववीत जाल आणि तेथे विज्ञानाची खरी ओळख होईल. गतीची समीकरणे, भिंगे, विद्युतधारा, मूलद्रव्यांची आवर्तसारणी, आनुवंशिकता अशी एकाहून एक मनोरंजक प्रकरणे तुमची वाट पाहात आहेत. याच वळणावर पुष्कळ मुले एका संकटात सापडतात. ती अभ्यास करीत नाहीत असे नाही. उलट रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत ती पुस्तकापुढे बसतात. आईवडिलांना समाधान वाटते, मुलालाही वाटते. पण परीक्षेत प्रश्नपत्रिका समोर आली की काल वाचलेले आज आठवत नाही. असे दोनचार वेळा झाले की ते मूल मनाशी म्हणते, "मला विज्ञान जमत नाही. माझी बुद्धीच कमी आहे."

शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वाक्य फार वेळा ऐकावे लागते, आणि प्रत्येक वेळी त्याला वाईट वाटते. कारण हा निष्कर्ष बहुधा खोटा असतो. बुद्धी कमी नसते. वेळ वापरण्याची रीत चुकलेली असते. रीत चुकली तर ती सुधारता येते. परंतु बुद्धीच कमी आहे असे एकदा मनाने घेतले, की मूल प्रयत्न सोडते, आणि जो विषय त्याला आवडला असता त्याचे दार आपल्याच हाताने लावून घेते. म्हणून आपण अभ्यासाच्या वेळेचा थोडा शास्त्रशुद्ध विचार करू.

प्रथम वेळ मोजू या. आज आपण तास आणि मिनिटे मोजतो. आपले पूर्वज घटका आणि पळे मोजीत असत. एका दिवसाच्या, म्हणजे दिवस व रात्र मिळून, साठ घटका होत. एका घटकेची साठ पळे होत. चोवीस तासांची मिनिटे करून साठांनी भागा, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची असते हे तुम्हांला दिसेल. ही घटका मोजण्यासाठी तांब्याची एक वाटी वापरीत. तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती वाटी तरंगत ठेवली, की छिद्रातून हळूहळू पाणी आत शिरे आणि बरोबर एका घटकेने ती भरून बुडे. यालाच घटिकापात्र म्हणत. लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर पाहात असत. "घटकाभर बसा", "पळभर थांबा" असे आपण आजही बोलतो. ती त्याच कालगणनेची खूण आहे.

आता नववीतील एका विद्यार्थ्याच्या साठ घटका आपण वाटून पाहू. बावीस घटका झोपेसाठी. सतरा घटका शाळा आणि शाळेत जाणे-येणे यांसाठी. सात घटका स्नान, जेवण इत्यादी नित्याच्या गोष्टींसाठी. चार घटका घरच्या कामात आईवडिलांना हातभार लावण्यासाठी आणि घरच्यांशी चार शब्द बोलण्यासाठी. चार घटका खेळासाठी. बेरीज करा: चौपन्न घटका झाल्या. उरल्या सहा. सहा घटका म्हणजे दोन तास चोवीस मिनिटे. शिकवणीचा वर्ग दूर असेल, तर आगगाडीच्या किंवा बसच्या प्रवासात यांतीलही एखाददुसरी घटका खर्ची पडते.

हा हिशेब पाहून काही मुले घाबरतील. "सर्व विषय मिळून एवढाच वेळ!" असे म्हणतील आणि झोपेच्या किंवा खेळाच्या घटका तोडावयास निघतील. पण थांबा. सहा घटका थोड्या नाहीत. मात्र त्या खऱ्या अभ्यासाच्या हव्यात. पुस्तकापुढे बसणे निराळे आणि अभ्यास करणे निराळे. या दोहोंत किती अंतर आहे ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका घरात बहीणभाऊ एकाच इयत्तेत शिकतात. दोघांना प्रकाशसंश्लेषणाचा धडा तयार करावयाचा आहे. भाऊ तो धडा लागोपाठ चार वेळा वाचतो. चौथ्या वाचनात त्याला प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते आणि "मला आले" असे म्हणून तो उठतो. बहीण धडा एकदाच, पण नीट, वाचते. मग पुस्तक मिटते आणि कोऱ्या कागदावर पानाची आकृती काढून काय काय आठवते ते लिहू लागते: मुळांकडून पाणी येते, हवेतून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, सूर्यप्रकाश हवा, साखर तयार होते, ऑक्सिजन बाहेर पडतो. येथे ती अडते. काहीतरी राहिले आहे असे तिला वाटते. पुस्तक उघडून पाहते तो हरितद्रव्य लिहावयाचे राहिलेले असते! ती ते तांबड्या शाईने लिहिते. तिच्या मनाला समाधान वाटत नाही, उलट हुरहुर लागते. या दोघांपैकी कोणाचा अभ्यास अधिक झाला?

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने शोधलेले आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्रातील ऊदमांजरे यांविषयीचे छोटे शास्त्रीय उतारे दिले. एका वेळी विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचावयास सांगितला. दुसऱ्या वेळी उतारा न पाहता आठवेल ते लिहावयास सांगितले. मग परीक्षा घेतली. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचण्याची रीत सरस ठरली: वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. परंतु आठ दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांच्या ध्यानात ४२ टक्केच राहिले होते. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात मात्र ५६ टक्के होते. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो. पण ओळखीचा होणे म्हणजे आपला होणे नव्हे. रस्त्यात रोज भेटणारा माणूस ओळखीचा असतो. तरी त्याचे नाव विचारले तर आपल्याला सांगता येत नाही. पुस्तक मिटून आठविताना मनाला जे कष्ट पडतात, तेच ज्ञानाची मुळे खोल नेतात. म्हणून त्या बहिणीची हुरहुर भावाच्या समाधानापेक्षा अधिक मोलाची आहे.

दुसरी गोष्ट विसरण्याची. विसरणे हा दोष नव्हे; तो मनाचा स्वभाव आहे. जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने हा स्वभाव स्वतःवर प्रयोग करून मोजला आणि १८८५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. ज्यांना काही अर्थ नाही अशा अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी. मग काही काळ जाऊ देऊन त्याच याद्या पुन्हा पाठ करावयास किती श्रम पडतात ते पाही. त्याला असे आढळले, की एका तासानंतर मूळच्या निम्म्याहून अधिक श्रम पुन्हा करावे लागतात. एका दिवसानंतर सुमारे दोन-तृतीयांश. आणि एकतीस दिवसांनंतर सुमारे चार-पंचमांश. म्हणजे गळती पहिल्या काही तासांतच सर्वांत मोठी असते. पुढे ती मंदावते.

त्याचे आणखी दोन निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत. बारा अक्षरगटांची यादी पक्की करण्यासाठी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केवळ ३८ आवर्तनांनी साधले. श्रम जवळजवळ निम्मे आणि फळ तेवढेच! शेताला दिलेल्या पाण्यासारखे हे आहे. महिन्याचे पाणी एकाच दिवशी सोडले तर ते वाहून जाते. तेच थोडे थोडे दिले तर जमिनीत मुरते. दुसरा निष्कर्ष असा, की अर्थहीन अक्षरांऐवजी अर्थ असलेली कविता पाठ करावयास त्याला सुमारे एक-दशांश श्रम पुरले. विज्ञान न समजता घोकणारा विद्यार्थी अर्थपूर्ण मजकुराचे अर्थहीन अक्षरगट करून टाकतो आणि स्वतःचे श्रम विनाकारण वाढवितो. म्हणून समजून घेणे आधी, पाठ करणे नंतर.

आता एक घटका कशी वापरावी ते ठरवू. आरंभी एका कागदावर प्रश्न लिहावा: "बहिर्वक्र भिंगातून प्रतिमा उलटी का दिसते?" किंवा "विद्युतधारा वाढली तर तार का तापते?" उत्तर शोधावयाचे आहे असे ठरले, की वाचनाला दिशा येते. मग पंधरा-सोळा मिनिटे धडा वाचावा, आकृती काढावी, उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. घरी करण्याजोगा प्रयोग असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली तो करून पाहावा. विज्ञान हे डोळ्यांनी जितके शिकता येते, त्याहून अधिक हातांनी शिकता येते. उरलेली सात-आठ मिनिटे पुस्तक मिटून आठवून लिहिण्यासाठी ठेवावीत. जे राहिले ते तांबड्या शाईने लिहावे. घटका संपली, की चार-पाच मिनिटे उठावे, पाणी प्यावे, खिडकीतून दूरवर पाहावे आणि मग दुसऱ्या घटकेला बसावे.

ही कल्पना केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. इटलीतील फ्रान्चेस्को चिरिलो हा विद्यार्थी अभ्यासात मन लागत नाही म्हणून कष्टी झाला होता. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ पुढे ठेवून अभ्यासाला आरंभ केला. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती अशी त्याची पद्धत पुढे जगभर पसरली. पंचवीस मिनिटे म्हणजे आपल्या घटकेहून एकच मिनिट अधिक! तांब्याची वाटी काय किंवा टोमॅटोचे घड्याळ काय, एवढा वेळ मन एका जागी ठेवणे कोणालाही साधण्याजोगे आहे.

मात्र त्या घटकेत विघ्न येता कामा नये. याविषयी एक जुनी आख्यायिका आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म १११४ साली झाला. त्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाचे अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ साली फारसी भाषांतर केले; त्यात ही कथा सांगितली आहे. भास्कराचार्यांनी आपल्या मुलीच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यावर ठेवले. कुतूहलाने लीलावती त्यात डोकावली आणि तिच्या अलंकारातील एक लहानसा मोती निसटून पात्रात पडला. त्याने छिद्र अडले, पाणी आत येईना, आणि कोणाला कळण्यापूर्वीच मुहूर्त टळून गेला. ही कथा इतिहास आहे असे नव्हे. पण तिचा बोध खरा आहे. पात्र धड होते, पाणी होते, पाहणारे ज्ञानी होते. तरी मोत्याएवढ्या वस्तूने सारे अडले.

आपल्या अभ्यासाच्या घटकेत असा मोती कोणता पडतो, ते ज्याचे त्याने शोधावे. बहुतेकांच्या बाबतीत तो भ्रमणध्वनी असतो. वाचता वाचता तो वाजतो, आपण क्षणभर पाहतो आणि पुन्हा पुस्तकाकडे वळतो. क्षणच गेला असे वाटते. परंतु तुटलेला विचार पुन्हा सांधावयास कितीतरी अधिक वेळ लागतो. एका घटकेत असे चार वेळा झाले, तर ती घटका भरतच नाही. भ्रमणध्वनी वाईट नव्हे. त्यावर उत्तम शास्त्रीय चित्रफिती पाहता येतात. त्या पाहावयाच्या असतील तर त्यांसाठी वेगळी घटका ठेवावी. एरव्ही तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. मोती सुंदर असतो, पण त्याची जागा घटिकापात्रात नाही.

कोणत्या वेळी कोणता अभ्यास करावा, हेही शिकण्यासारखे आहे. उलव्याच्या खाडीवर मासेमारी करणाऱ्या कोळ्याला विचारा. तो आपल्या सोयीने होडी काढीत नाही. भरती-ओहोटीचा हिशेब पाहून काढतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. कोकणच्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशी सहाच्या सुमारास भरती. पाण्याचा स्वभाव ओळखून कोळी आपले काम बेततो. तसा तुम्ही आपल्या मनाचा स्वभाव ओळखा. कोणाचे मन पहाटे ताजे असते, कोणाचे संध्याकाळी खेळून आल्यावर. जेव्हा मनाला भरती असेल, तेव्हा कठीण विषय घ्यावा. ओहोटी असेल तेव्हा वह्या नीट करणे, आकृत्या रंगविणे अशी हलकी कामे करावीत.

सहा घटकांचा एक नमुना पुढे देतो. दोन घटका त्या दिवशी वर्गात शिकविलेल्या विज्ञान-गणिताच्या भागाला. एक घटका उदाहरणे सोडविण्याला. दोन घटका भाषा आणि इतर विषयांना. उरलेली एक घटका मागील अभ्यासाच्या उजळणीला. आणि हीच घटका सर्वांत महत्त्वाची. आज शिकलेला भाग उद्या आठवून पाहावा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. दर वेळी पुस्तक शेवटी उघडावे, आधी नव्हे. यासाठी एक लहानशी वही ठेवावी. डाव्या पानावर धड्याचे नाव व तारखा आणि उजव्या पानावर जे जे चुकले ते. ही चुकांची वही परीक्षेच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते; कारण ती तुमच्याच मनाचा नकाशा असते. नमुना हा केवळ नमुना आहे. आपल्या घरच्या सोयीगैरसोयीप्रमाणे ज्याने त्याने तो बदलावा.

एका बाबतीत मात्र काटछाट करू नये. ती म्हणजे झोप. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली असे सांगितले, की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. तेव्हा तुमच्यापैकी जे अजून बारा वर्षांच्या आत आहेत, त्यांनी बावीस घटकांवर निदान आणखी अर्धी घटका झोपावे. आपण झोपलो तरी मेंदू रिकामा बसत नाही. दिवसा शिकलेले तो पक्के करीत असतो. रात्र जागून अभ्यास करणारा विद्यार्थी पेरणी करतो आणि बी मातीआड होण्यापूर्वीच शेत सोडून जातो. तीच गोष्ट खेळाची. मोकळ्या हवेत धावून आलेले शरीर मनालाही ताजे करते.

आता कोणी म्हणेल, "आमच्या घरी एकच खोली आहे, लहान भावंडे आहेत, घरचे कामही आहे, आम्हांला सहा घटका कोठून मिळणार?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्याची थट्टा करणे योग्य होणार नाही. त्याच्या उत्तरादाखल एका शास्त्रज्ञाची हकीकत सांगतो. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी गोव्यातील माशेल या गावी झाला. लहानपणीच वडील वारले. आई अंजनीबाई त्यांना घेऊन मुंबईस आल्या आणि पडेल ते काम करून त्यांनी मुलाला शिकविले. रघुनाथ बारा वर्षांचे होईपर्यंत अनवाणी चालत. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करीत. गिरगावातील युनियन हायस्कूलमध्ये भावे नावाचे शिक्षक त्यांना विज्ञान शिकवीत. एके दिवशी भावे सरांनी मुलांना उन्हात नेले आणि बहिर्वक्र भिंगाने सूर्याचे किरण कागदावर एकवटून दाखविले. किरण एका बिंदूत येताच कागद पेटला. सरांनी रघुनाथांकडे वळून सांगितले, की आपली शक्तीही अशीच पसरू न देता एका जागी एकवटली, तर जगात काहीही साध्य करता येते.

तो धडा त्या मुलाने आयुष्यभर जपला. १९६० साली शालान्त परीक्षेत तो राज्यात अकरावा आला. पुढे रसायन-अभियांत्रिकीत संशोधन करून माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९९५ ते २००६ या काळात ते देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परक्या देशात हळदीवर घेतलेले एकस्व रद्द करविण्याच्या लढ्याचे त्यांनी नेतृत्व केले. २०१४ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

या हकीकतीचा अर्थ असा घेऊ नका, की दारिद्र्य चांगले असते किंवा दिव्याची गरजच नसते. मुलाला अभ्यासाला शांत कोपरा मिळवून देणे हे मोठ्यांचे कर्तव्यच आहे. अर्थ एवढाच, की जे ऊन कागदावर दिवसभर पडून त्याला नुसते कोमट करते, तेच ऊन भिंगातून एका बिंदूवर आले की त्याला पेटविते. ऊन तेच, कागद तोच. तुमच्या वाट्याला सहा घटका आल्या तर उत्तम. तीनच आल्या तरी त्या पुऱ्या भरलेल्या असू द्या. ज्याच्या तीन घटका भरल्या, तो ज्याच्या दहा घटका गळून गेल्या त्याच्या पुढे जातो.

आणि एवढे करूनही एखादे प्रकरण चटकन उमगले नाही, तर "मला विज्ञान जमत नाही" असे म्हणू नका. "मला हे अजून आठवत नाही, कोठे अडले ते पाहतो" असे म्हणा, कागद घ्या आणि लिहावयास लागा. शास्त्रज्ञही याहून निराळे काही करीत नाही. तो चुकतो, चुकीची नोंद करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाकडे परत येतो. ही सवय ज्याला शाळेत लागली, त्याला परीक्षेचे गुण तर मिळतीलच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्याचा स्वतःच्या बुद्धीवर विश्वास बसेल.

स्वाध्याय

१. वेळ आणि धन यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?

२. घटिकापात्राची रचना व कार्य आकृती काढून स्पष्ट करा.

३. "ओळखीचा होणे म्हणजे आपला होणे नव्हे" हे विधान प्रयोगाच्या आधारे समजावून सांगा.

४. एबिंगहाउसच्या प्रयोगांतून अभ्यासाविषयी कोणते दोन नियम निघतात?

५. लीलावतीच्या कथेतील मोती आणि भावे सरांचे भिंग यांतून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?

६. आज कोणती तिथी आहे ते दिनदर्शिकेत पाहा आणि ठोकताळ्याने भरतीची स्थूल वेळ काढा.

७. उपक्रम : आठ दिवस आपल्या साठ घटकांचा खरा जमाखर्च वहीत मांडा. कोणत्या घटका गळाल्या ते शोधा आणि वर्गात चर्चा करा.